लॅमिनेट केलेलं चारित्र्य

प्लंबरने आपल्या सासरेबुवांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अजून त्याचे सासरे झाले नव्हते. ते जेवणाच्या टेबलावर उभे होते, डोक्यावर लोखंडी ट्रंक होती आणि खाली घरभर समुद्र होता. न्हाणीघरातला पाइप फुटून तास होऊन गेला होता. चपला हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून परत हॉलमध्ये अशा निवांत फेऱ्या मारत होत्या. पुढे सासूबाई झालेल्या बाई खिडकीत चढून बसल्या होत्या. पाना घेऊन धावत आलेल्या प्लंबरला टेबलावरच्या गृहस्थांनी एक हात वर करून थांबवलं.

"ओळखपत्र?"

"काका, आधी पाणी बंद करतो ना!"

"पाणी कुठे पळून चाललंय? ओळखपत्र दाखवा."

ते त्यांनी पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि झेरॉक्स आणली आहे का, असं विचारलं. तोवर पाणी एवढं चढलं होतं, की आणखी एखादा कागद मागितला असता तर शेजाऱ्यांना होडी काढावी लागली असती. शेवटी त्यांची मुलगी पाणी तुडवत आली, तिने प्लंबरचा हात धरून त्याला न्हाणीघरात नेलं, आणि तो हात नंतर काही सोडला नाही.

ट्रंकेत अर्थातच कागद होते. सासरेबुवांनी एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. विसाव्या वर्षी एका फायलीतलं एक पान वाळवीने खाल्लं. चौकशी खरं तर वाळवीची व्हायची, ती यांची झाली. हातातोंडाशी आलेली बढती गेली. तेव्हापासून उघडा कागद दिसला, की विहिरीच्या काठावर रांगणारं मूल दिसावं तसे ते त्याच्यावर झेप घ्यायचे. निवृत्तीच्या दिवशी लोक हार घेऊन घरी जातात. हे लॅमिनेशनचं मशीन घेऊन आले. ते ओट्यावर मिक्सरशेजारी बसलं. सासूबाई एका बाजूला वाटण वाटत आणि हे दुसऱ्या बाजूला विजेची बिलं भाजून काढत. मुलीच्या लशींची कार्डं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मिक्सरची गॅरंटी, सगळं प्लास्टिकमध्ये गेलं. त्या मशीनची गॅरंटीही त्याच मशीनमधून निघाली.

लग्नाच्या वेळी त्यांनी जावयाकडे चारित्र्याचा दाखला मागितला होता. प्लंबरने ओळखीच्या हेडमास्तरांचा आणून दिला. सासरेबुवांनी तो परत केला. "ओळखीच्याने दिला म्हणजे ती ओळख झाली. चारित्र्य वेगळं." लग्न झालं, पण पुढची अकरा वर्षं ते जावयाकडे मधलं पान गहाळ झालेल्या फायलीकडे पाहावं तसं पाहत राहिले.

अशात प्लंबरला परदेशातून बोलावणं आलं. एका कंपनीला नव्या इस्पितळाच्या पाइपकामावर मुकादम हवा होता. बायकोमुलीला सोबत नेता येणार होतं. जन्मभर लोकांच्या सिंकखाली डोकं घालून बसलेल्या या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहून काम करायला बोलावत होतं. अट एकच: याच्यावर कुठलाही गुन्हा नाही असं पोलिसांचं प्रमाणपत्र, त्यावर गृह खात्याचा शिक्का, त्यावर परराष्ट्र खात्याचा, त्यावर वकिलातीचा, आणि हे सगळं पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत.

हवालदार चौकशीला आले. त्यांनी शेजारच्या शिंप्याला विचारलं, "माणूस कसा आहे?"

"माणूस सोन्यासारखा. पण सकाळी येतो म्हणाला की परवा येतो."

"ते गुन्ह्यात बसत नाही."

"बसवा की मग! आता चाललाच आहे बाहेर."

दहा बोटांचे ठसे झाले, सह्या झाल्या, आणि महिन्याच्या अखेरीस प्रमाणपत्र हातात पडलं. प्लंबरने ते टेबलावर पेपरवेटखाली ठेवलं आणि तो एका गळक्या टाकीच्या कामाला गेला. दुपारी सासरेबुवा आले. त्यांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून परत वाचला. अकरा वर्षं ते ज्या पानाच्या शोधात होते, ते सरकारने सही करून दिलं होतं. असलं पान उघड्यावर! ते कागद घेऊन तडक घरी गेले.

प्लंबर परतला तेव्हा प्रमाणपत्र आरशासारखं चकाकत होतं. चारही कोपरे कात्रीने गोल केले होते.

"जावईबापू, आता याला पाणी नाही, वाळवी नाही, कुणाची दृष्ट नाही," असं म्हणून सासरेबुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. प्लंबरला इतकं भरून आलं, की या चकाकीत काही घोटाळा असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गृह खात्याच्या खिडकीतल्या कारकुनाने कागदावर नखाने टकटक केलं.

"शिक्का कुठे मारू?"

"यावरच."

कारकुनाने मारला. शाई काठापर्यंत घसरत गेली. त्याने ती अंगठ्याने पुसून दाखवली.

"मागच्या बाजूला मारा."

"मागेही प्लास्टिकच आहे. हे कुणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"तुमचं पटत नाही का?"

"कालपासूनच पटायला लागलंय," प्लंबर म्हणाला.

घरी हे कळल्यावर सासरेबुवांनी इस्त्री तापवली, ब्लेड घेतलं आणि जीव मुठीत धरून प्लास्टिक सोलायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत कागद शहाण्यासारखा सुटला. शेवटचा शब्द मात्र प्लास्टिकला चिकटून वर गेला. तो शब्द होता 'नाही'. कागदावर उरलं ते असं: अर्जदाराविरुद्ध गुन्हा दाखल असल्याचे आढळून आले.

"बाबा!" प्लंबरची बायको ओरडली. "सकाळपर्यंत निर्दोष होते हो हे!"

"शब्द हरवलेला नाही," सासरेबुवा प्लास्टिक उजेडाकडे धरत म्हणाले. "इथे आहे. सुस्थितीत आहे."

सासरे आणि जावई दोन्ही तुकडे घेऊन पोलिस ठाण्यात गेले. साहेबांनी प्लास्टिक कागदावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. माणूस एकदा निर्दोष होत होता, एकदा गुन्हेगार.

"सरकारी कागदात खाडाखोड? यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, माहीत आहे?"

"खाडाखोड नाही साहेब, इस्त्री," प्लंबर म्हणाला. एक नोंद झाली, की कुठलं इस्पितळ आणि कुठले पाइप!

तेवढ्यात सासरेबुवा पुढे झाले. "जबाब माझा घ्या. यांचा यात काही संबंध नाही. मागच्या चौकशीत मी घसा फोडून सांगत होतो, पान वाळवीने खाल्लं. या वेळी वाळवी मीच आहे, असं लिहा."

साहेबांनी पेन उघडलं. वाळवी वगळून बाकीचं लिहून घेतलं, सही घेतली आणि नव्याने अर्ज करायला सांगितलं.

मग पुन्हा हवालदार, पुन्हा शिंपी, पुन्हा दहा बोटं. या खेपेला प्रत्येक रांगेत सासरेबुवा स्वतः उभे राहिले. कागद नुसता, उघडा, दोन्ही तळव्यांवर आडवा धरलेला. कुणी शेजारी शिंकलं तर ते अंग आडवं घालत. प्लंबर मागून म्हणे, "बाबा, पिशवीत ठेवा हो," आणि ते नकारार्थी मान हलवत. गृह खात्याचा शिक्का बसला, परराष्ट्र खात्याचा बसला. वकिलातीत तर खिडकीतल्या बाईंनी कागद हातात घेऊन म्हटलं, इतका स्वच्छ कागद बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

वकिलातीचा शिक्का बावीस तारखेला मिळाला. कंपनीने सोळा तारखेला दुसरा माणूस घेतला होता.