विचारून परत गेलेली माणसं

सासूबाईंच्या बरणीकडे मृणालीचं पहिल्यांदा लक्ष गेलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात. सावर्ड्याला हमरस्त्यालगत त्यांचं कोकणमेव्याचं दुकान. एक गिऱ्हाईक फणसपोळी विचारून, "संपली" एवढं ऐकून परत गेलं, तशी आनंदीबाईंनी फणसाची एक सुकी आठळी बरणीत टाकली. म्हातारपणाचा चाळा असेल, असं मृणालीला वाटलं.

दोन वर्षांनी तिने दुकानाची सगळी विक्री कॉम्प्युटरवर मांडली. यादीत फणसपोळी तळाला होती.

"आई, यंदा फणसपोळी नको घालायला. तेवढ्यात आंबापोळी जास्त होईल."

फणसपोळी ही आनंदीबाईंची. माहेरी आईच्या हाताखाली शिकलेली, आणि दुकान सुरू झालं तेही तिच्यावरच. पण त्या वाद घालत बसल्या नाहीत. बरणी आणून त्यांनी मृणालीपुढे ठेवली.

"मोज गो. गेल्या जूनपासूनच्या आहेत."

तीनशे बारा आठळ्या निघाल्या.

"तुझा कॉम्प्युटर नेलेलं तेवढंच बघतो. आपण घालतो चाळीस ताटं, ती जूनमध्येच संपतात. पुढे काय विकू, रिकामी ताटं?"

मृणालीला हसू आलं. तिने यादीत 'विचारून गेले' असा नवा रकाना घातला, आणि त्या मे महिन्यात अंगणात फणसपोळीची दीडशे ताटं वाळत पडली.

आनंदीबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. रोज सकाळी दुकानात बसतात. बरणीत सध्या अकरा आठळ्या आहेत.