आमच्या कानवाल्या ताई

आमच्या थोरल्या नणंदबाईंइतकी आवाजाची वैरीण अख्ख्या वऱ्हाडात दुसरी सापडायची नाही. अमरावतीच्या एका दवाखान्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे कान तपासणं हे त्यांचं काम. बाळ झोपलं की कानात इवलीशी नळी बसवायची, यंत्रातून बारीक टिकटिक सोडायची आणि आतला कान तिला उत्तर देतो का ते पाहायचं. याला शांतता लागते, आणि दवाखान्यात एक वेळ रिकामी खाट मिळेल, शांतता मिळत नाही. म्हणून ताई ती स्वतः निर्माण करतात. भर मे महिन्यात डांबर वितळत असताना त्या खोलीतला पंखा बंद करतात. बाळंतिणीला बांगड्या काढून उशाखाली ठेवायला लावतात. एकदा पाहणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांचे बूट वाजत होते, तर ते त्यांनी दाराबाहेर काढायला लावले. बिचारे मोज्यांवर पाहणी करून गेले. घरी कुकरची शिट्टी झाली, की ताई आमच्याकडे अशा बघतात, की दुसऱ्या दिवशी आपण वरणच करू नये असं वाटतं.

त्यांना बारशाला बोलावणं तर मोठ्या धैर्याचं काम. पाळण्याभोवती बायका जमलेल्या असतात, आत्या कानाशी वाकून नाव सांगणार, एवढ्यात मागून प्रश्न येतो, "कान तपासले का याचे?" कोणीतरी हौसेनं सांगतं, की थाळी वाजवली की दचकतो. ताई लगेच म्हणतात, "थाळी दिसते त्याला, तिची हवा लागते. पाठीमागून हळूच हाक मारून पाहा." लग्नात त्या आहेराचं पाकीट हातात ठेवता ठेवता नवरदेवाच्या आईला विचारतात, "तुमच्याकडे जन्मापासून ऐकू न येणारं कोणी?" चांदूर रेल्वेच्या एका लग्नात वरबापाला वाटलं, या बाई सोयरीक मोडायलाच आल्यात. मी त्यांना कसंबसं जेवणाच्या पंगतीकडे ओढत नेलं, तर तिथे वाढप्याला तोच प्रश्न!

अशा या ताईंच्या हातात एकदा आमच्याच घरचं बाळ आलं. माझ्या बहिणीची मुलगी मोनाली पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माहेरी, अमरावतीला आली होती. मुलगी झाली. ताईंनी कान तपासले आणि यंत्र आवरलं. काही दिवसांनी पुन्हा तपासलं, मग झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून मोठी तपासणी केली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. मोनालीला हे ताईंनीच सांगितलं, हात धरून. "यंत्र लावू, लागलं तर ऑपरेशन करू. लवकर कळलं आपल्याला. पोरगी बोलेल तुझी."

अकोल्याहून तिच्या सासूबाईंचा फोन आला. "आमच्या खानदानात कोणी बयरं नाई. हे तुमच्याकूनच आलं. आता राहू द्या दोघींले तिथंच." मोनालीचा नवरा धान्याच्या व्यापारातला, दुकानात मोठा आवाज आणि आईपुढे मांजर. पण त्यानं एक केलं. ताईंच्या सांगण्यावरून बायकोबरोबर स्वतःचंही रक्त तपासायला दिलं. निघालं ते ताईंच्या अंदाजाप्रमाणेच. दोघांना स्वच्छ ऐकू येत होतं, पण दोघांच्याही रक्तात तोच दोष अर्धा अर्धा दडलेला होता, आणि दोन्ही अर्धे नेमके बाळाच्या वाट्याला आले होते.

ताई मला घेऊन अकोल्याला निघाल्या. सासूबाईंनी पाणी दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. ताई आपणच बसल्या, त्याआधी सवयीनं घरघरणारा कूलर बंद करून आल्या. मग म्हणाल्या, "टाळी एका हातानं वाजते काय वो बाई? जेवढं सुनेकडून आलं, तेवढंच तुमच्या मुलाकडून आलं. आन् दोष कोणाचाच नाही."

"कागदावर काय बी लिवतेत लोकं."

"कागद राहू द्या. तुमच्या माहेरचं आठवा. बोलता न येणारं होतं कोणी?"

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "बहीण होती माही. धाकली. मुकी होती. तापानं गेली, लहानपणीच."

"मुकी नसंल वो," ताई अगदी हळू म्हणाल्या. "तिले ऐकू येत नसंल."

"आमी समजत होतो देवानं तिले जीभच देली नाई," सासूबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. ताईंनी स्वतःला दिलेलं पाणी त्यांच्यापुढे केलं. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत येत सासूबाईंनी विचारलं, "पोरीले कवा आणता?"

पोरगी अकोल्याला गेली. आधी कानाला यंत्र लागलं, पुढे ऑपरेशनही झालं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे तिला घेऊन जायचं काम आजीनं कोणाला करू दिलं नाही. आता ती बालवाडीत जाते आणि आजीसारखंच ठणकावून वऱ्हाडी बोलते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिला पाहायला गेलो होतो. सासूबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ताई शेजारी बसून सोलू लागल्या आणि म्हणाल्या, "कशी होती वो तुमची बहीण?"

"हसे लय," सासूबाई म्हणाल्या. "खळखळून हसे. चारचौघांत हसली का माय दटावे तिले. आपला आवाज किती होते, तिले काय मालूम?"

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसल्या होत्या. मूर्तिजापूर गेलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "अगं, त्यांच्या त्या बहिणीला तेव्हा खेळायला घेत असतील का गं कोणी?"

बडनेरा येईपर्यंत आम्ही दोघी बाहेर काळोखात बुडत जाणारा कापूस बघत राहिलो.