जिला धक्का नसतो ती बंदूक

एवढा आग्रह करता आहात म्हणून सांगतो. नाहीतर हा किस्सा आमच्या घरात माझ्या तोंडावर काढायला बंदी आहे. माझ्या पाठीमागे तो रोज निघतो, ते सोडा! चहा घ्या, आणि हसायचं ते बेतानं हसा, पुढे बरंच बाकी आहे.

सन ऐंशीच्या मागेपुढची गोष्ट. मी तेव्हा चिखल्याला, मँगनीजच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मला व्यसन एकच. कोणतीही वस्तू दिसली की ती आतून चालते कशी, हे बघायचं. घरातलं गजराचं घड्याळ मी इतक्यांदा खोललं होतं की शेवटी ते खोलल्याशिवाय वाजेनाच.

तर एकदा साहेबांच्या टेबलावर एक परदेशी मासिक दिसलं. आत फोटो होता. एक गोरा गडी, हातात ही एवढी जाडजूड बंदूक, रिकामी काडतुसं हवेत उडताहेत, आणि बंदूक धरली आहे एका हातानं! चेहरा कसा? जणू अंगणात सडा टाकतो आहे.

आता आपल्याकडची बारा बोरची बंदूक तुम्हाला माहीत आहे. एक बार काढला की दोन दिवस खांदा शेकत बसावं लागतं. काडतूस या गड्याचंही तेच. त्यात ही लढाईतली बंदूक, घोडा दाबून धरला की भडाभडा बार सुटतच राहणार. मग हा उलटून पडत कसा नाही? मला जेवण गोड लागेना.

डिक्शनरी घेऊन बसलो. अर्धं वाचून कळलं, अर्धं चित्रावरून ताडलं. मर्म असं होतं की बार सुटला की बंदुकीच्या आतला एक जड लोखंडी ठोकळा मागे धावतो. त्याला धावायला भरपूर जागा ठेवलेली आणि पाठीशी लांब स्प्रिंग. ठोकळा शेवटाला जाऊन आदळायच्या आतच स्प्रिंग त्याला थोपवते आणि पुढे धाडते. म्हणजे खांद्याला ठोसा बसतच नाही, कुणीतरी हळूहळू रेटल्यासारखं वाटतं. काय डोकं लावलं असेल हो! मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलो. वर्कशॉपमधली माणसं मला लांबून पाहून रस्ता बदलू लागली.

त्याच दिवसांत माझ्या लग्नाचं चाललं होतं. शहापूरला एका लग्नात मी मंदाला पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला दुसरं स्थळ नको होतं. माझ्याकडून होकार होता, पण तिच्या वडिलांचं काही ठरत नव्हतं. खाणीवरचा पोरगा, शेतीतलं त्याला काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ‘एकदा घरी येऊन जा’ असा निरोप आला आणि मी माझ्या काकांना घेऊन निघालो. ‘नाही’ म्हणाले तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं, कारण तो विचारच मला सोसत नव्हता.

साकोलीला पुढची गाडी येईपर्यंत आम्ही स्टँडवरच्या हॉटेलात बसलो. तिथे मी काय केलं असेल? बरोब्बर! काकांना बंदूक समजावून सांगितली.

“हा ग्लास म्हणजे आतला ठोकळा,” मी म्हणालो, “बार सुटला की तो असा मागे जाते...”

ग्लास मागे गेला तो थेट टेबलावरून खाली, शेजारी बसलेल्या एका गृहस्थाच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. पण माणूस रागावला नाही. धोतर झटकत म्हणाला, “राहू द्या जी. तुमी थे बंदुकीचं सांगून राहिले होते ना, थे सांगा. चालवाले कशी हाय थे?”

इथे मी म्हणायला हवं होतं की बाबा रे, मी फक्त चित्र पाहिलं आहे. पण तेवढ्यात गाडी लागली, आणि पळता पळता मी मोठ्या रुबाबात बोलून गेलो, “अहो, एका हाताचा खेळ आहे!”

संध्याकाळी जंगलाला लागून असलेल्या मंदाच्या गावात पोचलो, तर तिच्या अंगणात ही गर्दी! मला वाटलं, कुणी गेलं की काय. पाहतो तर गर्दीच्या मधोमध खाटेवर तेच गृहस्थ, अजून चहाचा डाग असलेलं धोतर नेसून. कुणाच्या तरी फटफटीवर बसून आमच्या आधी पोचलेले. हे मंदाचे मामा!

“हेच थे!” मामा ओरडले. “अमेरिकेची मशीनवाली बंदूक चालवलेले पाव्हणे. एका हातानं!”

काका माझ्या कानाशी लागले. “खरं सांगून टाक बे.”

“सांगतो ना, थोडं थांबा.”

आणि मी थांबलो! कारण दारात मंदा उभी होती आणि माझ्याकडे इतक्या कुतूहलानं पाहत होती की त्या घडीला माझ्यानं खरं बोलवेना. तुम्ही बोलला असता का?

तिचे वडील समोर येऊन बसले. दुपारपर्यंत माझ्याबद्दल ज्याला शंका होती तो माणूस आता हात धरून सांगत होता, “डुकराईनं जीव खाल्ला जी. धान लोंबीवर आलं, न् एक आख्खी बांधी लोळून टाकली. माह्या खांद्यानं आता बंदूक पेलत नाई. तुमच्यासारखा जवाई भेटला तं मंग काय पाहिजे?”

मग त्यांनी आतून बंदूक आणली. पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली, दोन नळ्यांची. डुकरं मारायची नव्हती, आभाळात बार काढून हुसकायची होती. एवढंच ना, मी म्हटलं. एवढ्यात मंदानं चहा पुढे केला आणि तिथेच विचारलं, “पण धक्का तं बसाचाच ना जी? थो जाते कुठी मंग?”

काय प्रश्न विचारला पोरीनं! खाणीवर आजवर एकानंही विचारला नव्हता. मी तर हरखूनच गेलो. म्हणालो, “जात कुठंच नाही. लांबवला जाते. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना खालून फेकलेलं कवेलू वरचा माणूस कसं झेलते? हात ताठ ठेवला तर लागते. हात मागे नेत नेत झेललं तर काहीच लागत नाही. मागे जायला जागा पाहिजे, बस!”

“अस्सं होय!” मंदा म्हणाली. गर्दीही म्हणाली, “अस्सं होय!” आणि सगळ्यांत घात म्हणजे ते माझं मलाच इतकं पटलं की मला वाटू लागलं, ही विद्या कोणत्याही बंदुकीला लागू पडेल.

दिवस कलला होता. आम्ही सगळे शेतावर गेलो. एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेली बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि मधल्या अरुंद धुऱ्यावर मी. पलीकडच्या झुडपांत डुकरांची चाहूल लागत होती.

“खांद्याले पक्की दाबून धरा जी,” सासरे म्हणाले. म्हणजे होणारे. म्हणजे तेव्हा आशा होती असे.

“तिथंच तर सगळे चुकतात!” मी म्हणालो.

आणि मी बंदूक खांद्यापासून वीतभर दूर धरली. का? तर तिला मागे यायला जागा पाहिजे ना! ठोकळ्याला जागा आहे म्हणून धक्का नाही, तशी बंदुकीला जागा दिली की धक्का नाही. सरळ हिशेब! फक्त त्या ठोकळ्यामागे स्प्रिंग होती आणि माझ्या बंदुकीमागे मी होतो, एवढा बारीक फरक माझ्या लक्षात राहिला नाही.

घोडा ओढला.

त्या वीतभर जागेत बंदुकीनं जो वेग घेतला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. खांद्यात कुणीतरी घण घातला. त्या हिसक्यात बोट घसरून दुसऱ्या घोड्यावर गेलं आणि दुसरी नळीही उडाली. माझ्या तोंडातून “आई गंऽऽऽ” अशी बोंब निघाली, तिला मधे श्वासच नव्हता. बंदूक धानात आणि मी मागच्या मागे उडून बोडीत! बोंब पाण्यात बुडेपर्यंत चालूच होती. वर आलो तेव्हा उरलेली मारली.

सगळ्यांत आधी मंदा धावत आली. हात धरून मला चिखलातून ओढून काढलं, माझ्या खांद्याकडे बघितलं आणि अगदी खरोखरच्या उत्सुकतेनं म्हणाली, “म्हंजे धक्का इथी गेला?”

घरी आणून मला हळदीचा लेप लावला, हात गळ्यात बांधला. मग मी सगळं खरं सांगून टाकलं. मासिक, फोटो, डिक्शनरी, सगळं. बंदूक मी आयुष्यात आजच पहिल्यांदा हातात धरली, हेही. मामा धोतराच्या डागाकडे बघत बसले. काकांनी सकाळची पहिली गाडी किती वाजता असते ते विचारून घेतलं. मला खांद्यापेक्षा मंदा दुरावल्याचं दुःख जास्त होत होतं, अगदी रडू येत होतं. हातातोंडाशी आलेलं स्थळ मी स्वतःच्या हुशारीनं बोडीत बुडवलं होतं.

सकाळी आम्ही पिशवी भरून निघालो, तर वडील शेताकडून लगबगीनं येताना दिसले. थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“रात्री डुकरं नाई आले,” म्हणाले.

मी जरा ताठ झालो. “दोन्ही बार एकदम उडाले ना, त्याच्या आवाजानं...”

“बार तं थे वर्षानुवर्ष ऐकून राहिले जी. कान बी नाई हलवत.” मग आवाज खाली आणून, मोठ्या आदरानं म्हणाले, “पण तुमच्यासारखी बोंब या जंगलात कोणी मारली नोती. साक्षगंध कधी ठेवाचं, बोला!”

तर असं आमचं लग्न झालं. खाणीवर रजा मागताना कारण काय लिहायचं, हा माझा प्रश्न मात्र पुढे कितीतरी वर्षं सुटला नाही. कारण धान लोंबीवर आलं की दरसाल सासऱ्यांचा निरोप येई, “जवाईबापूले पाठवा. बंदूक आमी काढत नाई, थे एकटे पुरे हायेत.”