हंसाबाईची पोटुशी मरळ

मुकुटबनकडच्या एका तांड्यावर हंसाबाईचा शब्द म्हणजे शब्द. तांड्याखालचा तलाव बायकांच्या बचत गटाने मासळीसाठी घेतला, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, पोटुशी मासोळी कढईत पडणार नाही. जाळ्यात आलेली प्रत्येक मरळ हातात घेऊन ती पोट चाचपायची. फुगलेलं असेल तर पुन्हा पाण्यात, सपाट असेल तर बाजारात. नवरा लालसिंग कुरकुरायचा, की मोठ्या मासोळ्या तलावात आणि माझ्या ताटात नुसते काटे. त्याचं कोण ऐकतंय!

दोन पावसाळे असेच गेले. पोटुश्या मरळी वाढत चालल्या, पण पिल्लं काही दिसेनात. मरळीची पिल्लं लपून राहत नाहीत. लाल पिल्लांचा थवा काठाकाठाने फिरतो आणि खाली आईबाप पहारा देतात. हंसाबाईचा जीव खालीवर व्हायला लागला. आपल्या राखणीत तलावाचा वंशच बुडतो की काय, ही धास्ती तिला जेवू देईना.

शेवटी एक फुगलेली मरळ मरून वर आली, तेव्हा मन घट्ट करून तिने ती विळीवर चिरली. आत अंड्यांच्या गाभोळीचा पत्ता नाही, नुसतं पिवळट पाणी. मत्स्य खात्याच्या बाईंनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, की वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी नाल्याने तलावात उतरतं. त्याने मासोळीचं यकृत, मूत्रपिंड बिघडतं, अंडी धरत नाहीत आणि पोटात पाणी साचतं.

"म्हंजे मी बिमार तेवढ्या राखल्या अन् धडधाकट इकून टाकल्या," हंसाबाई म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

मग मात्र तिने पदर खोचला. गटाच्या बायका घेऊन ती कारखान्याच्या फाटकासमोर ठाण मांडून बसली. तपासणी झाली, नाल्यात पाणी सोडणं बंद झालं. फुगलेल्या मरळी काढून पुरल्या आणि सपाट पोटाच्या तेवढ्या तलावात राहू दिल्या. लालसिंगला आता काटेही मिळेनात. बिचारा बेसनावर आला.

यंदा श्रावणात ती काठचं गवत काढायला पाण्यात उतरली आणि पोटरीला जोराची धडक बसली. दचकून पाहते तो समोर लाल पिल्लांचा थवा आणि त्याखाली चवताळलेली मरळ. मरळीने दुसरी धडक दिली. हंसाबाई मुकाट्याने बाहेर आली आणि ओल्या पायांनी तशीच घरी गेली.

"अवो, मरळीनं मले तलावाभाईर हाकललं," ती लालसिंगला हसत म्हणाली. "तिचे लेकरं हायेत ना तिथं."