मी पाडलेली पेठेतली इमारत

साताऱ्यात भर पेठेत एक जुनी व्यापारी इमारत होती. खाली सात दुकानं, वर वखार. तब्येतीनं ठणठणीत, निदान माझ्या गुडघ्यांपेक्षा तरी. पण ठणठणीत इमारतीवर ललित लेख लिहायचा कसा? आम्हा वारसाप्रेमींना उभी भिंत बघवत नाही. ती कललेली लागते, तिला तडे लागतात, तड्यातून पिंपळ उगवावा लागतो. मी सगळं पुरवलं. रविवारच्या पुरवणीत जिना कण्हला, तुळयांनी अखेरचे श्वास मोजले. वारसा मंडळात भजी आणि कौतुक झालं. मंडळातल्या एकानंही तो जिना कधी चढलेला नव्हता. मी तरी कुठं चढलो होतो!

मालकाला ती इमारत पाडायची होती, पण भाडेकरू हटत नव्हते. त्यानं इमारत धोकादायक ठरवण्याचा अर्ज केला आणि पुरावा म्हणून माझा लेख जोडला.

खाली फौजी गणवेश शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्यांचं दुकान होतं. माझ्या लेखाचं कात्रण घेऊन ते घरी आले.

"आवं सर, पिंपळ कुठाय आमच्या भितीवर?"

मी प्रतीक, प्रतिमा असं काहीबाही पुटपुटलो.

"असंल. पर उद्या इंजिनेर येणार हाय. त्याला सांगा, मनानं लिवलंय म्हनून. माझं दुकान ऱ्हाईल."

एवढंच मागणं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अभियंता आला, त्यानं भिंती ठोकून पाहिल्या. माझ्या शेजारी मंडळाचे अध्यक्ष, हातात लॅमिनेट केलेला माझा लेख. समोर शिंपी, गळ्यात टेप.

"वरून प्लास्टर आहे, मला काही दिसत नाही," अभियंता मला म्हणाला. "तुम्ही लिहिलंय. आत तडे आहेत की नाहीत?"

अध्यक्ष माझ्याकडं बघत होते. लेखक खोटारडा ठरायची वेळ आली होती.

"एका अर्थी आहेत," मी म्हणालो.

शिंप्यांनी गळ्यातली टेप काढून गुंडाळली आणि ते आत गेले.

इमारत पाडायला पोकलेन आलं. भिंत चार दिवस पडेना. पोकलेनवाला आईबाप काढत होता. शिंपी मशीन टेम्पोत टाकून उंब्रजला लेकीकडं गेले. ओट्यावर मशीन मांडून बसतात म्हणे, पण तिथं त्यांना शोधत कोण फौजी जाणार? मंडळानं इमारतीची शोकसभा घेतली. भाषण मीच केलं. लोक रडले, आणि त्याचा मला आनंद झाला.