राणीची पांढरी साडी

सकाळी सोसायटीची टाकी धुतली आणि ब्लीचिंग पावडरचा वास घरभर पसरला. एकदम कसबा पेठेतलं रंगाऱ्याचं दुकान आठवलं. कॉलेजात आम्ही ग्रीक शोकांतिका मराठीत बसवली होती, कपडेपट माझ्याकडे. राजा मेल्यावर राणीचं सौभाग्य उतरलेलं दिसावं, म्हणून तिच्या हिरव्या साडीसारखीच दुसरी घेऊन मी रंग उतरवायला दिली. काठाशी हिरवी झाक राहिलीच.

"अहो, पांढरी म्हणजे पांढरीच हवी होती!" मी चिडले.

"ताई, हिरवा असा एका दिवसात जात नाही," म्हातारे रंगारी शांतपणे म्हणाले.

माझे यजमान जाऊन आता सहा महिने झाले. आज कपाटातली हिरवी साडी काढून नेसले. तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं नाही.