राहिलेल्या दोन स्लाइड

रविवारी कोल्हापुरात आमच्या भूगोल संघटनेची वार्षिक सभा झाली. संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून माझी ही शेवटची सभा... आणि सरांशिवायची पहिली.

संघटना लहान आहे. जिल्ह्यातल्या कॉलेजांतले प्राध्यापक आणि पीएचडी करणारे आम्ही दहा-पंधराजण. दोन वर्षांपूर्वी प्रतिनिधीपदासाठी कुणीच नाव देत नव्हतं, तेव्हा सर, म्हणजे माझे गाइड, उठले आणि मला न विचारता माझंच नाव सुचवून मोकळे झाले. "हिला करा. पीएचडी हुईस्तोवर चार माणसांत बोलायला तरी शिकंल."

बोलायला मी फारशी शिकले नाही. बॅज वाटायचे, सगळ्यांचे पीपीटी संघटनेच्या लॅपटॉपवर घ्यायचे आणि पंधरा मिनिटं झाली की टेबलावरची बेल वाजवायची, एवढंच काम. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी सरांचा पेपर जेवणाआधी शेवटचा होता. नृसिंहवाडीच्या आसपासच्या गावांत फिरून, पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी लोकांच्या आठवणीतून नोंदवलं होतं. सर बोलायला लागले की वेळ विसरतात हे सगळ्यांना माहीत होतं... मी बेल वाजवली. ते बोलतच राहिले. मी परत वाजवली.

"अगं, दोन मिन्टं दे की. दोनच स्लाइड राहिल्यात."

सचिव पुढच्या रांगेतून म्हणाले, "सर, तुमचीच विद्यार्थिनी हाय. तुम्हीच शिकवलंय की!" हॉल हसला. सगळे माझ्याकडे बघायला लागले तशी मी गोंधळले आणि तिसऱ्यांदा बेल वाजवली.

सरांनी माइक खाली ठेवला. "बरोबर हाय तिचं," म्हणाले आणि जाऊन बसले.

रागावले नव्हते. जेवणाच्या रांगेत "काय प्रतिनिधी, भात घेऊ का वेळ संपली?" असं चिडवून गेले. राहिलेल्या स्लाइडमध्ये काय होतं, हे तेव्हाच विचारता आलं असतं. मनात आलंही होतं... नंतर विचारू म्हटलं.

हिवाळ्यात सर गेले. चार दिवसांचं आजारपण.

आता दुसऱ्या गाइड मिळाल्या आहेत, चांगल्या आहेत. काम चालू आहे. पण एखादा नकाशा मनासारखा जमला की अजूनही फोन हातात घेतला जातो आणि मग तसाच खाली ठेवावा लागतो.

सरांचा पीपीटी संघटनेच्या लॅपटॉपवर होता. तो उघडायला मला दोन महिने लागले. राहिलेल्या दोन स्लाइड म्हणजे दोन फोटो. एका घराची भिंत... आणि त्याच भिंतीशी उभी असलेली एक बाई. हात उंच करून ती काहीतरी दाखवते आहे, पण काय ते दिसत नाही, फोटो तिथेच कापला गेलाय.

खाली एकही अक्षर लिहिलेलं नाही. सर स्लाइडवर कधीच लिहायचे नाहीत. "लिवलं की लोक वाचत बसत्यात, ऐकत न्हाईत," म्हणायचे.

रविवारच्या सभेत पहिलाच विषय शोकप्रस्तावाचा होता. आमच्याकडची दोन मिनिटांची शांतता अर्ध्या मिनिटात संपते. सचिव "बसूया" म्हणतात आणि पुढचा विषय सुरू होतो. दरवर्षी असंच होतं, मलाही कधी त्यात काही वाटलं नव्हतं.

यंदा सभेआधी मी सचिवांकडे गेले. शांततेची वेळ मी मोजू का, आणि प्रोजेक्टर चालू ठेवू का, असं विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "ठेव. कधी नव्हं ते काहीतरी मागितलंस."

सगळे उभे राहिले. मी भिंतीचा फोटो लावला आणि फोनवर टायमर सुरू केला.

अर्ध्या मिनिटानंतर माना वर व्हायला लागल्या. कुणाची तरी खुर्ची सरकली, बाहेर चहावाल्यांच्या कपबशा वाजत होत्या. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं... या हॉलमध्ये याआधी मी कुणाला नाही म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

एक मिनिट झालं तसा दुसरा फोटो लावला. आता कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. सगळे त्या बाईच्या हाताकडे बघत होते.

दोन मिनिटं झाली. बेल समोरच होती. मी तिला हात लावला नाही. आधी कोण बसलं माहीत नाही, पण एकेक करत सगळे बसले.

चहाच्या वेळी वारणानगरहून आलेले सरांचे जुने मित्र माझ्याजवळ आले. तेही भूगोलाचेच, आता रिटायर झालेले. "ती बाई कुठली गं? काय दावाय लागलीया?"

"माहीत नाही, सर. ते सांगायच्या आधीच मी बेल वाजवली."

त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. मग त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मग हितं चहा पीत काय उभी राहिलीयास? जा की वाडीकडं! बाई असंल की तिथंच."

नृसिंहवाडीकडे जाऊन तिला शोधायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके महिने मी फक्त फोटो बघत बसले होते.

काल दोन्ही फोटोंच्या प्रिंट काढून आणल्या. अनोळखी गावात, अनोळखी दारात उभं राहून विचारायचं, मला कितपत जमेल माहीत नाही. पण ती बाई भेटली तर तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकणार आहे. तो हात कशाकडे होता तेही कदाचित कळेल...

फक्त, ते सरांच्या तोंडून ऐकायचं होतं.